बटण लावायला शिकवताना: शेवटच्या पायरीपासून सुरुवात

‘स्वतः कपडे घालेल’ असं आयईपीत (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) लिहून भागत नाही, कारण ते मोजता येत नाही. ‘अंगातल्या शर्टाचं पोटाजवळचं बटण, मदतीशिवाय, 5 पैकी 4 वेळा, सलग 3 दिवस’ असं लिहा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासोबत काम करताना एवढा नेमकेपणा लागतोच. बटण काढणं सोपं असतं, ते आधी येऊ द्या.

शर्ट थोडा सैल हवा, बटण सपाट आणि साधारण अडीच सेंटीमीटरचं. नव्या शर्टाचं काज घट्ट असतं; चार-सहा वेळा बटण घालून-काढून ते आधीच सैल करून ठेवा. मुलांच्या शर्टात काज डावीकडे असतं, मुलींच्या कपड्यांत बहुतेकदा उलट. गणवेश बघूनच हात ठरवा.

मुलांच्या शर्टासाठी पायऱ्या अशा: डाव्या हातात काजाची पट्टी, उजव्या चिमटीत बटण, बटणाची कड काजात, बटण अर्धं पलीकडे ढकलणं, बाहेर आलेली कड डाव्या चिमटीत, उजव्या हाताने पट्टी धरून बटण पूर्ण ओढणं.

पहिल्या पाच पायऱ्या तुम्ही मुलाचे हात धरून करा, शेवटचं ओढणं त्याच्यावर सोडा. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून शाबासकीही तिथेच द्या. ते जमलं की पाचवी पायरी त्याच्याकडे, मग चौथी.

समोर बसू नका. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं; मागे किंवा बाजूला बसा. सरावासाठी बटणं-काजं लावलेली लाकडी फळी समोर ठेवली तरी हीच अडचण येते, फळीवर पटापट बटणं लावणारं मूल अंगातल्या शर्टाशी अडखळतं.

मदत मनगटाकडून कोपराकडे, कोपराकडून नुसत्या खुणेवर आणा. ‘ढकल, ढकल’ म्हणत राहण्याची सवय मात्र वाईट: हात काढून घेता येतो, तोंडी सूचना तोडणं फार अवघड, मूल आवाजाची वाट बघत थांबतं. सूचना दिली तर एकदाच, मग 5 सेकंद गप्प. नोंदीत स्वतः केलं तर ‘स्व’, खुणेनं ‘खु’, हात धरून ‘हा’.

पालकांना सकाळी शाळेच्या व्हॅनच्या घाईत सराव सांगू नका, त्या वेळी आईच बटणं लावून मोकळी होते. संध्याकाळी अंघोळीनंतर एकच बटण पुरे. गळ्याजवळचं, न दिसणारं बटण सर्वांत शेवटी, आरशासमोर.