बोन मॅरो दान करायचंय? आधी घरी बोला

मंगरुळपीर तालुक्यात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. ब्लड कॅन्सरच्या एका अनोळखी रुग्णाला मी स्टेम सेल, म्हणजे बोन मॅरोत (हाडातल्या मगजात) रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, दिल्या, तेव्हापासून आसपासच्या गावांतली पोरं येऊन विचारतात, "भाऊ, नाव कुठं नोंदवायचं?" ते सांगतोच. पण त्याआधी घरी बोला. नाव नोंदवताना कोणी अडवत नाही. अडवतात ते एखाद्या रुग्णाशी जुळल्याचा फोन आल्यावर, आणि तोवर तिकडे एका घराची आशा लागलेली असते.

घरच्यांना भीती असते पाठीची. माझी माय म्हणाली, "मणक्यात सुई टोचतात म्हने. मंग वावरात कोन जाईन?" मणक्याला कोणी हात लावत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. आता बहुतेक वेळा स्टेम सेल हाताच्या शिरेतल्या रक्तातूनच घेतात. कधी डॉक्टरांना मॅरोच लागतो. तो कमरेच्या मागच्या हाडातून भूल देऊन काढतात. काही दिवस कंबर दुखते, मॅरो काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो.

नोंदणी 'दात्री' किंवा 'डीकेएमएस' या संस्थांच्या वेबसाइटवर होते. वय 18 पूर्ण हवं. दात्री 50 पर्यंत नाव घेते, डीकेएमएस 55 पर्यंत. किट घरी येतं, त्यात कापूस लावलेल्या काड्या असतात. त्या गालाच्या आतून फिरवायच्या, सांगितल्याप्रमाणे पाकिटात घालायच्या आणि संमतीपत्रावर सही करून परत पाठवायच्या. अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नका. तंबाखूचा खर्रा तर नकोच, चूळ भरून तोंड साफ करा. अर्जात स्वतःच्या नंबराबरोबर घरातल्या आणखी कुणाचा तरी नंबर द्या. आपल्याकडे सिम बदललं की नंबर गेला, आणि माणूस सापडलाच नाही तर जुळलेलं नाव असून नसल्यासारखं.

इथे रक्तगट जुळावा लागत नाही, एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळावं लागतं. ते आईबापाकडून येतं, म्हणून जुळणारा माणूस आपल्याच भागात, आपल्याच समाजात सापडण्याची शक्यता जास्त. वऱ्हाडातल्या पोरांची नावं यादीत हवीत ती याचसाठी. फोन वर्षांनी येईल, कदाचित कधीच येणार नाही.

आला तर पहिल्याच फोनला खरं सांगा. सोंगणीचे दिवस आहेत, बायको बाळंत होणार आहे, नुकतीच कावीळ होऊन गेली, जे असेल ते. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला शेवटपर्यंत आहे. पण पेशी देण्याच्या काही दिवस आधी रुग्णाला जबर केमो देऊन त्याचा स्वतःचा मॅरो संपवलेला असतो. त्यानंतर तुम्ही मागे फिरलात तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून नाही म्हणायचं तर लवकर म्हणा.

हो म्हटल्यावर पुन्हा रक्त तपासतात, एचआयव्ही, हिपॅटायटिस, हृदय, सगळं बघतात. मग चार-पाच दिवस रोज फिलग्रास्टिमचं इंजेक्शन. त्याने पेशी हाडांतून रक्तात उतरतात, अंग ठणकतं, डोकं दुखतं. पॅरासिटामॉलने मला आराम पडला. पेशी काढायच्या दिवशी दोन्ही हातांत सुया असतात. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हाताने अंगात परत येतं. चार ते सहा तास कोपर वाकवायचं नाही, त्यामुळे जाण्याआधी लघवीला जाऊन या. मध्येच ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या औषधाने कॅल्शियम उतरतं. सिस्टरला लगेच सांगितलं, तिने कॅल्शियम दिलं, थांबलं. पिशवीत टमाट्याच्या साराच्या रंगाचं द्रव साचत होतं. तेवढ्यावर कुणाचं तरी नवं रक्त उभं राहणार होतं, आणि ते बघताना मला फार बरं वाटलं. प्रवासाचा, राहण्याचा खर्च संस्था करते. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत.

बाळाच्या नाळेचं रक्त पुढच्यासाठी साठवावं का, असं पहिलटकरणींचे नवरे विचारतात, कारण खाजगी बँकांचे एजंट हप्त्यावर पॅकेज सांगतात. माझं मत स्पष्ट आहे, त्यासाठी कर्ज काढू नका. लेकराला पुढे ब्लड कॅन्सर झाला तर त्याचंच नाळेचं रक्त सहसा उपयोगी पडत नाही, कारण रोगाचं मूळ त्यातही असू शकतं. आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषदही असं साठवणं सुचवत नाही. त्यापेक्षा नाळ किमान मिनिटभर थांबून कापा म्हणावं. ते रक्त बाळात जातं, त्याच्या अंगात लोह राहतं. मात्र घरात मोठं लेकरू आधीच आजारी असेल, तर नव्या बाळंतपणाच्या आधीच त्याच्या रक्तरोगतज्ज्ञाला विचारा. तिथे हे रक्त कामाला येऊ शकतं.

आणि घरातच रुग्ण असेल तर? प्रत्येक ब्लड कॅन्सरला ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या स्टेम सेल घालणं, लागत नाही. लहान मुलांतले बरेच केमोनेच बरे होतात. लागलंच तर आधी सख्ख्या भावंडांची तपासणी होते. प्रत्येकाची पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. आईबाप निम्मे जुळतात, आता तशीही ट्रान्सप्लांट होतात. म्हणूनच ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर भावंडांनी, आईबापांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या रुग्णाला रक्त देऊ नये, नंतर त्यांच्याच पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. रक्तासाठी गावातले मित्र न्या. सगळे एकाच दिवशी जीप भरून जाऊ नका. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, तेव्हा पाळी लावून जा.