‘८ नंबर’ची क्रोशाची सुई नेमकी किती जाड?

नमुन्यात सुईचा नुसता नंबर असेल, तर आधी त्याचे मिलिमीटर काढा. ‘८ नंबर’ अमेरिकी मापात ५ मिमी, जुन्या ब्रिटिश मापात ४ मिमी आणि जपानी लेसच्या सुयांत जेमतेम ०.९ मिमी असतो.

अमेरिकी अक्षर-नंबर वाढला की सुई जाड होते: ई-४ म्हणजे ३.५ मिमी, जी-६ म्हणजे ४, एच-८ म्हणजे ५, जे-१० म्हणजे ६. ब्रिटिश क्रम उलटा. ११ नंबर ३ मिमीचा, ६ नंबर ५ मिमीचा, तर ०, ०० आणि ००० अनुक्रमे ८, ९ आणि १० मिमीचे. जपानी सुईवर ५/० असेल तर ३ मिमी, ७/० असेल तर ४, १०/० असेल तर ६. ‘/०’ नसलेला जपानी नंबर बहुधा लेसच्या सुईचा, तिथे नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते (० नंबर १.७५ मिमी, ४ नंबर १.२५). अमेरिकी स्टीलच्या सुयाही अशाच उलट्या चालतात, आणि त्यांची मापं कंपनीगणिक बदलतात.

नुसत्या अक्षरावरही विसंबू नका. ‘जी’ ४ मिमीची असते तशी ४.२५ची, ‘एन’ ९ची असते तशी १०ची.

नमुना कुठला हे कळत नसेल तर टाक्यांची नावं बघा. ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर तो बहुतेक अमेरिकी. त्याच टाक्याला (मराठीत मुका खांब) ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. सुई आणि टाके दोन्ही एकाच पद्धतीने वाचा.

सुईवरचा नंबर पुसला असेल तर व्हर्नियर कॅलिपर लावा, पण जागा चुकवू नका. टोकाच्या हुकाजवळची खाच किंवा अंगठ्याची चपटी जागा मोजली तर माप चुकतं. या दोहोंमधला सरळ गोल दांडा मोजायचा, कारण टाक्याचा फासा त्यावरच बसतो आणि त्याच जाडीचा होतो.

मग १५ सेंमीचा चौकोन विणून मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. नमुन्यात २० टाके आहेत आणि तुमचे १८ भरले, तर १०० टाक्यांची पट्टी ५० सेंमीऐवजी साडेपंचावन्न होईल. अशा वेळी अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई घ्या. टाके जास्त भरले तर अर्ध्या मिलिमीटरने जाड.