रब्बी ज्वारीच्या शिवारात पावसाचे पाणी मुरवणारी मशागत

सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात रब्बी ज्वारी साधारणपणे 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात पेरली जाते आणि पुढे पाऊस फारसा पडत नसल्याने ती बहुतेक जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच येते. म्हणजे पिकाचे भवितव्य जून ते सप्टेंबर या महिन्यांत, रान मोकळे असतानाच ठरते, आणि माती सर्वांत जास्त वाहून जाते तीही याच काळात. 25 मिलिमीटरची एक सर एकरावर सुमारे 1 लाख लिटर पाणी टाकते; ते बांधाबाहेर गेले तर सुपीक थरही बरोबर घेऊन जाते.

पहिले काम म्हणजे उतार ओळखणे. दहा-बारा मीटर लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची दोन्ही टोके सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधावीत. एक काठी जागेवर ठेवून दुसरी पुढेमागे सरकवावी आणि दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आले की तेथे खुंटी ठोकावी. अशा खुंट्या जोडून मिळणारी रेषा ही समतल रेषा होय. ती फार वेडीवाकडी असल्यास थोडी सरळ करून घ्यावी आणि पुढची नांगरणी, वखरणी (वखराने म्हणजे रुंद पात्याच्या अवजाराने वरची माती भुसभुशीत करणे), पेरणी व कोळपणी (उभ्या पिकाच्या ओळींमधली माती हलवणे) तिला समांतर करावी. धुऱ्याला (शेताच्या बांधाला) धरून लांब तास (नांगराच्या ओळी) मारणे ट्रॅक्टरचालकाला सोयीचे असते. त्यामुळे दिशेचे बोलणे यंत्र रानात येण्यापूर्वीच झालेले बरे. उताराच्या दिशेने काढलेला प्रत्येक तास पाण्याला वाट करून देतो.

खोल नांगरट दर वर्षी करण्याची गरज नाही, तीन वर्षांतून एकदा पुरते. मागील पीक निघाल्यावर लगेच नांगरून ढेकळे उन्हाळाभर तापू द्यावीत. रोटाव्हेटरने माती पिठासारखी बारीक करण्याची सध्याची सवय मात्र या जमिनीला घातक आहे, कारण बारीक मातीवर पावसाच्या थेंबांचा मारा बसला की वर पापडी धरते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

जूनचे पाऊस होऊन वखराची पाळी दिल्यानंतर वापसा येताच (माती मशागतीजोगी ओलसर होताच) सारा यंत्राने, म्हणजे मातीचे छोटे वरंबे (बांध) घालणाऱ्या अवजाराने, कप्पे पाडावेत. माझ्या मते मध्यम ते खोल काळ्या रानात या कामाइतके फळ दुसरे कोणतेही काम देत नाही. आधी उताराला आडवे आणि मग उभे वरंबे घालून शेताचे चौकोन करावेत. उतार जेमतेम एक टक्का असेल तर 6 बाय 6 मीटरचे कप्पे चालतात. उतार वाढेल तसे ते 3 बाय 3 मीटरपर्यंत लहान करावेत, नाहीतर खालच्या बाजूस पाणी साचून वरंबा फुटतो. जेथे दोन वरंबे एकमेकांना छेदतात तेथे यंत्राने माती ओढली जाऊन फट राहते. ती फावड्याने बुजवावी, कारण बहुतेक वेळा फूट तेथूनच सुरू होते. मोठ्या पावसानंतर एक फेरी मारून फुटलेले वरंबे त्याच दिवशी सांधावेत. सर्वांत खालच्या कप्प्यातून जादा पाणी जाण्यासाठी गवत असलेली सांड ठेवावी. पेरणीच्या वेळी वखर फिरवून कप्पे मोडावेत आणि पाभर (पेरणीचे अवजार) उताराला आडवी चालवावी.

हलक्या, उथळ मुरमाड जमिनीत पाणी साठवायला जागाच थोडी असते. तेथे रान मोकळे ठेवण्यापेक्षा खरिपाचे पीक उताराला आडवे पेरावे आणि महिनाभराने डवऱ्याच्या (कोळपणीच्या अवजाराच्या) जानोळ्याला, म्हणजे त्याच्या पात्याच्या दांड्यांना, दोरी गुंडाळून ठरावीक ओळींनंतर मृत सरी (पाणी मुरवणारी चर) काढावी. भारी जमिनीतील सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरीची (रुंद वरंब्यावर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी अशी) पेरणी योग्य ठरते, कारण कमी पावसात सरीत पाणी मुरते आणि जास्त पावसात तिच्यातूनच निचरा होतो.

ज्वारी उगवल्यावर मुरलेले पाणी जपण्याचे काम कोळप्याचे असते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी म्हणतात ते यासाठीच. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. तोपर्यंत काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात व त्यांतून खोलवरचा ओलावा उडून जातो. दातेरी कोळप्याने भुसभुशीत झालेली माती त्या भेगांत भरते. तूरकाट्या किंवा वाळलेले गवत उपलब्ध असल्यास पाचव्या आठवड्यापर्यंत हेक्टरी सुमारे 5 टन आच्छादन ओळींमध्ये पसरावे. कडबा मात्र त्यासाठी वापरू नये. तो जनावरांना लागतो.