बॅटरी मटेरियलमध्ये यायचंय? आधी राख मोजा

नाशिकची केमिस्ट्रीवाली मुलं हमखास विचारतात, ‘ग्रीन एनर्जीत यायचंय, सोलर घेऊ की बॅटरी?’ मी म्हणतो, एक मटेरियल धरा आणि ते मोजायला शिका. मी धरला तो द्राक्षाच्या काड्यांचा कार्बन.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडे बांधावर काड्यांचे ढीग लागतात. त्या आर्गॉन वायूत, म्हणजे हवा लागू न देता, हजार-बाराशे अंशांवर तापवल्या की हार्ड कार्बन मिळतो. तो सोडियम बॅटरीच्या अ‍ॅनोडला, म्हणजे ऋण टोकाला लागतो. लिथियम बॅटरीतलं ग्रॅफाइट सोडियमला फारसं थारा देत नाही. हार्ड कार्बनच्या वेड्यावाकड्या थरांत आणि बारीक पोकळ्यांत मात्र सोडियम मावतो. ग्रॅफाइटची लिथियमसाठीची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास आहे. चांगला हार्ड कार्बन सोडियमसाठी 300 च्या आसपास जातो. शिवाय सोडियम अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, म्हणून अ‍ॅनोडलाही तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त फॉइल चालते.

आता नावडता भाग. काडीत पोटॅशियम, कॅल्शियम मुळातच असतं. त्यावर आपल्या बागांत बोर्डो फवारलेलं, म्हणजे मोरचूद आणि चुना. हे सगळं राख म्हणून कार्बनमध्ये मागे उरतं. दोन बागांच्या, अगदी दोन छाटण्यांच्या काड्याही सारख्या नसतात. म्हणून भट्टी पेटवण्याआधी थोडा नमुना हवेत पूर्ण जाळून राख किती उरते ते बघा. राख काढायला आम्ल लागतं, आम्ल धुवायला पाणी. सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे झटपट चार्ज होणाऱ्या साधनासाठी सच्छिद्र कार्बन हवा असेल तर छिद्रं पाडायला कॉस्टिक पोटॅशही आलं. हे सगळं हिशेबात धरल्याशिवाय ‘शाश्वत’ शब्द वापरू नये, असं माझं मत. पेपरांच्या प्रस्तावनेत तो फार सढळ हाताने वापरतात. कार्बनची पूड फॉइलला चिकटवणाऱ्या बाइंडरचंही तसंच: पीव्हीडीएफ या बाइंडरला एनएमपीसारखं घातक द्रावक लागतं, सीएमसी हे दुसरं बाइंडर पाण्यात विरघळतं. हार्ड कार्बनला सीएमसी छान चालतं, तिथूनच सुरुवात करा.

कॉइन सेलचे, म्हणजे चाचणीच्या बटणाएवढ्या बॅटरीचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. तिच्यात कार्बनसमोर सोडियम धातूची चकती असते, तिथे सोडियमला तोटा नाही. पहिल्याच चार्जमध्ये कार्बनवर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून थर बसतो आणि त्यात सोडियम कायमचा अडकतो. चकतीमुळे ते जाणवतही नाही. खऱ्या बॅटरीत सगळा सोडियम कॅथोडमधून, म्हणजे धन टोकातून येतो, तो गेला की गेला. म्हणून कुणी क्षमता सांगितली की लगेच विचारायचं: पहिल्या सायकलची कार्यक्षमता किती, म्हणजे पहिल्या चार्जमध्ये आत गेलेल्यातलं किती परत मिळालं?

शिक्षणाची वाट तशी सरळ आहे. नाशिकच्या केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके कॉलेजात बी.एस्सी. करताना शेवटच्या वर्षी एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा द्या, एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. पुण्यात एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था आहेत, तमिळनाडूत कराईकुडीला विद्युतरसायनाला वाहिलेली सीईसीआरआय. पीएच.डी. नको असेल तर सेल टेस्टिंग आणि क्वालिटीकडे वळता येतं, पण त्यासाठी थोडं पायथन शिकाच. सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र, म्हणजे सायकलर, डेटाचे डोंगर ओततो.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी जरूर बघा, पण लॅबमधल्या ज्युनिअरशी चहावर बोला. सायकलरचे किती चॅनल चालू आहेत, ग्लव्हबॉक्स, म्हणजे आर्गॉन भरलेल्या बंद पेटीमधलं पाणी आणि ऑक्सिजन एक पीपीएमखाली (दहा लाखांत एका भागाहून कमी) राहतं का, आर्गॉनचा सिलिंडर संपल्यावर दुसरा यायला किती दिवस लागतात, हे तोच खरं सांगेल.