पोहे इंदुरीच, पण तेल-शेव बेतानं

कॅलरी कमी करायच्या म्हणून इंदुरात सकाळी पोह्यांना पर्याय शोधायची गरज नाही. कॅलरी वाढतात त्या शेव आणि जिलबीमुळे. 20 ग्रॅम शेवेतच शंभराच्या वर कॅलरी असतात.

दोघांसाठी 80 ग्रॅम जाड पोहे, 100 ग्रॅम मोड आलेले मूग आणि 2 छोटे चमचे तेल घ्या. कांदा-मिरची रात्रीच चिरून ठेवा.

पोहे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवा, भिजत घालू नका, निथळू द्या. पातळ पोहे इथे चालत नाहीत, त्यांचा लगदा होतो. दहा मिनिटांनी एक पोहा दोन बोटांत दाबून पाहा: सहज चेपला पाहिजे, पण त्याचं पीठ होता कामा नये. कडक लागला तर पाण्याचा हबका मारा. मीठ, हळद, चिमूटभर साखर आत्ताच हलक्या हातानं लावा.

तेलात मोहरी, बडीशेप, मिरची, कढीपत्ता. मूग आणि थोडं पाणी घालून झाकण ठेवा, 5 मिनिटं. ही फोडणी पोह्यांत मिसळा आणि चाळणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून 6-7 मिनिटं ठेवा. कमी तेलातही पोहे मऊ राहतात ते या वाफेमुळेच. कढईत परतत बसलात तर कोरडे होऊन घशाशी अडकतात.

लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). शेव हवीच असेल तर एक छोटा चमचा, खाताना. ताटलीत सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी होतात.

डब्यात न्यायचे तर वाफ जाऊ द्या, मगच झाकण लावा. नाहीतर झाकणाचं पाणी पडून गोळा होतो.