जिती बोय गळाला लावायची तर आधी ती जिती ठेवा

आम्ही परभणीकडची माणसं, समुद्र बघायचा म्हणलं तर रात्रभर प्रवास. पण गळ टाकायचं याड लहानपणापासूनचं, गंगाखेडला गंगेत (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतेत) मरळीसाठी बारका मासा लावून तासन् तास बसायचो, त्यामुळं पहिल्यांदा रेवदंड्याच्या खाडीवर जिताड्यासाठी (खाडीतला मोठा शिकारी मासा) गेलो तेव्हा वाटलं की ह्यात काय वेगळं असणारे. लै वेगळं असतंय भावांनो. पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्या एका मामांकडून वीसेक बारक्या बोया घेतल्या (बोय म्हणजे खाडीतला मासा, जिताड्याला आमिष म्हणून जिताच लावतेत), लॉजवर येऊन नळाखाली बादली भरली, त्यात सोडल्या, अन् चहा पिऊन येईस्तोवर निम्म्या उताण्या. मामा म्हणले, "अरे, तिला खाडीतलंच पाणी दे की." बोय तशी गोड्या पाण्यातबी शिरते, पण एकदम खाऱ्यातून क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात टाकल्यावर काय जगणारे.

तर बादलीचं आधी. जिथं मासे धरले तिथलंच पाणी घ्या, मोठी बादली घ्या, त्यात आठ-दहाच बोया ठेवा, सेलवर चालणारा फिशटँकचा पंप लावा आणि पंप नसंल तर थोड्या थोड्या वेळानं निम्मं पाणी बदलत रहा. बादली सावलीत, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मे महिन्यात आमच्या तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतेत ना, तसंच बादलीत होतं. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत पाणी गोठवून ती बाटली सोडा. अन् मासा कोरड्या हातानं धरायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तो लवकर मरतो, हात ओला करा नाहीतर छोटी जाळी वापरा. एक अजून, घरून डबक्यातली चिलापीची पिल्लं घेऊन जायचा शहाणपणा करू नका, एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडायचा नसतो.

आता गळ. आपण मरळीला जाड तारेचा गळ वापरतो, झाडोऱ्यातून ओढून काढायची असते म्हणून, पण तोच गळ चार बोटं लांबीच्या बोयीला लावला की ती वजनानंच खाली बसते. बारीक तारेचा पण मजबूत गळ घ्या, बोय १०-१२ सेंटिमीटरची असंल तर ३/० किंवा ४/० सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) बरा पडतो. माप नंबरापेक्षा डोळ्यानं बघा, गळाचं तोंड बोयीच्या अंगाच्या जाडीपेक्षा मोठं पाहिजे आणि टोचल्यावर टोक पूर्ण उघडं राहिलं पाहिजे. टोक मांसात लपलं तर जिताडा बोय तोंडात घेईल, चावंल अन् थुंकून देईल, तुम्ही आपले बसा तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) धरून.

कुठं टोचायचं हे पाणी बघून ठरतं. भरती-ओहोटीचं पाणी जोरात पळायलं असंल तर नाकाच्या भोकांतून आडवं किंवा फक्त वरच्या ओठातून टोचा, म्हणजे बोय प्रवाहाकडं तोंड करून सरळ पोहते. लै जण दोन्ही ओठ एकत्र शिवून टाकतेत, त्यात तिचं तोंडच बंद होतं, कल्ल्यातून पाणी फिरत नाही आणि थोड्याच वेळात ती गुदमरती. तीच बोय पाठीत टोचून वाहत्या पाण्यात टाकली तर आडवी होऊन फिरक्या घेती अन् तंगुसाला असा पीळ पडतो की सोडवता सोडवता दिवस मावळतो.

पाणी थांबलेलं असंल, फ्लोट लावून टाकायचं असंल तर मात्र पाठच चांगली. बोयीच्या पाठीवर दोन पर असतात, पुढचा काटेरी, त्याच्या थोडं पुढं, वरवर कातडी आणि थोडंसं मांस धरून गळ आरपार काढायचा. खोल गेला की कण्याला लागतो. टोचल्यावर पाण्यात धरून बघा, शेपूट जोरात हलली पाहिजे, मागचं अंग लोंबायलं तर कणा गेला समजा, दुसरी घ्या. तिवरांच्या मुळांकडं किंवा जेट्टीच्या खांबाकडं बोय पाठवायची असंल तर शेपटीच्या थोडं अलीकडं वरून टोचा, ओढ मागून बसती म्हणून ती तुमच्यापासून लांब पळती. खाली जायला पाहिजे असंल तर पोटाकडच्या मागच्या पराजवळ टोचा. मला ही शेपटीची पद्धत लै आवडते, पण त्यात बोय जोरात फेकता येत नाही, फाटून निघती, हळूच सोडावी लागती.

बोय नाही मिळाली तर जिती कोळंबी. डोक्यावर करवतीसारखं शिंग असतंय, त्याच्या मागं कवचाखाली काळा डाग दिसतो, डाग सोडून शिंगाच्या बुडातून गळ घाला. डागाला टोचलं की लगेच मेली.

मग खरी परीक्षा. जिताडा जवळ आला की बोय एकदम घाबरी होऊन तडफडायला लागती, हाताला कळतं, अन् मग धप्प. आपल्याला मरळीची सवय, धप्प झालं की झटका. सर्कल हूकला झटका मारायचा नाही! मी तीनदा मारला, तिन्ही वेळेला गळ तोंडातून सुळकन बाहेर. रॉड खाली धरायचा, त्याला बोय घेऊन चालू द्यायचं, तंगूस ताणला की फक्त रीळ गुंडाळत रहायची, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. सहसा पोटात जात नाही म्हणून सोडायचा असला तर मासाबी वाचतो. अन् मोठा असंल तर सोडाच म्हणतो मी, जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे ते मोठं धूड बहुतेक अंड्याचंच असतं.

गळाच्या वर हातभर लांबीचा जाड तंगूस लावा, ४० ते ६० पौंडाची ओढ सोसणारा, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असती. बारीक तंगूस तर कापतोच, माझा अंगठाबी कापला, मरळीसारखा कल्ल्यात हात घालून उचलायला गेलो होतो. गळ काढायला लांब पक्कड ठेवा आणि मासा खालच्या जबड्याला धरा.