गोव्यात जुन्या वस्तूंचा संग्रह कसा करावा

गोव्यातल्या जुन्या घरांमधील वस्तू वर्षातून प्रामुख्याने दोन वेळा उजेडात येतात. एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वी कौले चाळायची असतात म्हणून माळे रिकामे केले जातात, आणि चतुर्थीच्या आधी पितळेची व तांब्याची भांडी, समया, घंगाळी घासण्यासाठी खाली उतरवली जातात. संग्राहकाने आपला प्रवास या दोन हंगामांशी जुळवून घ्यावा. पर्यटनाच्या दिवसांत किनाऱ्यावर जे ‘जुने’ म्हणून विकले जाते, त्यातले पुष्कळसे अन्य राज्यांत अलीकडे घडवलेले असते. त्यामुळे हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारापेक्षा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अधिक फलदायी ठरतो, तोही सकाळी लवकर गाठला तर. दिवाडी, लोटली, डिचोली, फोंडा या बाजूंच्या गावांत उघड्या डोळ्यांनी फिरण्याला मात्र कोणताही बाजार पर्याय नाही. भंगारवाल्याच्या अड्ड्यालाही अवश्य भेट द्यावी, कारण तांब्या-पितळेची कितीतरी भांडी केवळ किलोच्या भावाने वितळवण्यासाठी जातात आणि तिथून वाचवलेली एखादी कळशी किंवा लामणदिवा ही खरी कमाई असते.

पिशवीत एक भिंग, लोहचुंबक, ग्रॅमचा शतांश दाखवणारा छोटा तराजू, मोजपट्टी, विजेरी, जुनी सुती धोतरे किंवा मऊ फडके आणि एक जाड वही असावी. यांतली वही सर्वांत महत्त्वाची आहे. वस्तू कोणत्या गावातून आली, कोणत्या प्रकारच्या घरात होती, कशासाठी वापरली जात होती, घरातले तिला काय म्हणत, ती कधी व कोणी आणली असे सांगितले जाते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. हकीकत हरवलेली समई कोणत्याही दुकानातल्या समईसारखीच असते, आणि ती हकीकत सांगणारी पिढी आता झपाट्याने कमी होत आहे. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा वस्तू सोडावी, पण तिची माहिती लिहून घेतल्याशिवाय त्या घरातून उठू नये.

सुरुवात नाण्यांपासून करणे सोयीचे, कारण ती लहान असतात आणि त्यांचे वजन-माप पडताळता येते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात रुपिया चालत असे व १६ तांग्यांचा एक रुपिया होई. १९५८ मध्ये एस्कुदो हे चलन आले, तेव्हा एका रुपियाला ६ एस्कुदो असा दर ठरला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर १८८१ पासून पोर्तुगालचा राजा लुइस पहिला याच्या मुद्रेचे चांदीचे रुपिये कोलकात्याच्या टांकसाळीत पाडले गेले, आणि त्यांचे वजन व चांदीचे प्रमाण ब्रिटिश रुपयाशी जुळते ठेवले गेले. असा रुपिया हातात आला, की तो तराजूवर ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. झिजेमुळे थोडा कमी भरेल, पण एक ग्रॅमची तफावत आढळल्यास संशय धरावा. १९१२ चा पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा रुपियाही याच वजनाचा आहे. १९४७ चा रुपिया १२ ग्रॅमचा असला तरी त्यात चांदी निम्मीच आहे आणि १९५२ च्या रुपियात ती मुळीच नाही. म्हणून ‘पोर्तुगीज चांदी’ म्हणून सरसकट एकच भाव सांगणाऱ्या विक्रेत्याकडे साल वाचूनच पैसे मोजावेत. त्यानंतर नाण्याची कड भिंगाखाली पाहावी. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याच्या जोडाची बारीक रेषा दिसते आणि पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे असतात. वरच्या बाजूला कडेवर डाक लावल्याची खूण असेल, तर ते नाणे कधीकाळी गळ्यातल्या दागिन्यात होते असे समजावे. त्याने किंमत घटते, पण वहीतली नोंद मात्र रंजक होते.

नाणे कधीही घासू नये. आपल्याकडे पितळेवर चिंच आणि राख चोळण्याचा हात इतका सरावलेला असतो, की घरातले कोणीतरी प्रेमापोटी नाणीही चकचकीत करून ठेवते आणि शे-सव्वाशे वर्षांत चढलेला काळपट लेप एका दुपारी नाहीसा होतो. तो लेप म्हणजेच नाण्याचे संरक्षण आणि त्याच्या वयाचा दाखला आहे. स्वयंपाकघरातल्या, रोजच्या वापरातल्या भांड्यांना चिंच लावायला हरकत नाही. नाणी, पदके आणि नक्षीदार जुने दिवे यांना मात्र ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपणे एवढेच पुरेसे आहे.

ग्रामोफोनच्या बाबतीत फसवणूक सर्वाधिक होते. झगझगीत पितळी कर्णा, चकचकीत लाकडी पेटी आणि कुत्र्याचे चित्र असलेली पट्टी हे तिन्ही एकत्र दिसले, की ते यंत्र सुट्या भागांतून जुळवलेले असण्याची शक्यता फार मोठी. त्याऐवजी हातात उचलून नेण्याजोगी, पेटीत मिटणारी जुनी यंत्रे शोधावीत, कारण त्यांची नक्कल क्वचितच केली जाते. तबकड्या घेताना मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी आडव्या प्रकाशात तिरकी धरून चरे पाहावेत, आणि कडेवर बोट फिरवून तडा तपासावा. या तबकड्या लाखेपासून बनवलेल्या असतात. त्यांना स्पिरिट लावले तर त्या विरघळतात, म्हणून बुरशी आलीच तर किंचित ओलसर कापडाने खाचांच्या दिशेने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. एक पोलादी सुई तबकडीच्या एकाच बाजूपुरती वापरावी. गोव्याच्या संग्राहकाने तर या तबकड्यांकडे विशेष ममत्वाने पाहायला हवे, कारण केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई आणि मंगेशीचे दीनानाथ यांचे स्वर याच लाखेवर उतरलेले आहेत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवीही ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या आटोपशीर लांबीतच गायलेली आहे.

शिसवी आणि सागवानी सामानाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पुढची बाजू पाहू नये, खण बाहेर काढून मागची आणि तळाची पाहावी. हाताने कापलेले सांधे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुन्या तळाचा रंग आत-बाहेर सारखा नसतो.

घरात जाऊन वस्तू घेण्याची रीत निराळी आहे. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी दार वाजवू नये. आजी एकट्या असतील आणि भांडे द्यायला तयार असतील, तरी मुलगा किंवा सून घरी असताना पुन्हा यावे. यात शिष्टाचाराइतकाच कायद्याचाही प्रश्न आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यात मुला-मुलींना सारखा वाटा मिळतो, त्यामुळे जुन्या घरातील कपाटावर सहसा अनेकांचा हक्क असतो आणि एकट्याने केलेली विक्री पुढे वादात सापडू शकते. वाटणीच्या कामात घरातल्या वस्तूंची यादी झाली असेल आणि कुटुंबाची संमती असेल, तर तिची प्रत मागून घ्यावी. वस्तूच्या मूळ ठिकाणाचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. दगड, धातू, मृत्तिका यांतील जुनी शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. देवळातील किंवा चर्चमधील मूर्ती, भिंतीतून उचकटलेल्या रंगीत पोर्तुगीज फरशा आणि हस्तिदंती वस्तू यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. फरशांचे सौंदर्य पाहायचे असेल, तर पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतींवर पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये रंगवलेल्या फरशा पाहाव्यात, आणि शेतीच्या व घरगुती जुन्या साधनांची ओळख करून घ्यायची असेल, तर बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात दिवस काढावा.

संग्रहाचा खरा कस पावसाळ्यात लागतो. खारी हवा आणि दमट भिंती यांमुळे तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी धरते; ती एका नाण्यावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून असे नाणे तत्काळ वेगळे काढावे. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतही नाण्यावर चिकट हिरवा थर येतो, तेव्हा पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. जुनी वृत्तपत्रे, मोडी लिपीतील कागद आणि टपाल तिकिटे भिंतीपासून हातभर अंतरावर, जमिनीपासून उंचीवर, आम्लरहित कागदात आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुड्या महिन्याने तपासून बदलाव्यात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. लाकडी पेट्यांच्या पायांखाली मे अखेर वाळवीची तपासणी करून घ्यावी, आणि ऑक्टोबरात ऊन पडले की प्रत्येक वस्तू सावलीत मोकळ्या हवेला काढून वहीतील नोंदीशी ताडून पाहावी. जिथे रंग, वजन किंवा तडा यांत फरक दिसेल, तिथे त्याच पानावर तारखेसह तसे लिहावे.